महू : एका नावाची तपासणी

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. एका जयंतीला एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, महू म्हणजे काय?" मी ऐकीव उत्तर दिले : 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. घरी आल्यावर मात्र ते उत्तर बोचू लागले. शिक्षकाने न तपासता सांगावे, हे बरे नव्हे.

तपासले तेव्हा ते टिकले नाही. महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी इंदूरजवळ ही छावणी वसवली. परंतु महू नावाचे खेडे तिथे मोगल अमदानीपासून होते. तेव्हा इंग्रजी आद्याक्षरे कोण जुळवणार? खुद्द सर जॉन माल्कमने हे नाव 'मऊ' असे लिहिले. त्यात 'हेडक्वार्टर्स'चा 'एच'च नाही. उत्तर प्रदेशातही मऊ आहे, मऊरानीपूर आहे. ती काय युद्धाची मुख्यालये होती? भोवतालच्या रानात मोहाची झाडे विपुल, त्यांवरून नाव पडले असावे, हा तर्क त्यामानाने पटण्याजोगा आहे.

मग खोटी व्युत्पत्ती का रुजली? फौज येण्यापूर्वी खेड्याला इतिहास नसतो, असे आपण गृहीत धरतो म्हणून. सत्ताधाऱ्याने नाव ठेवावे आणि इतरांनी ते वागवावे, ही सवय आपल्या समाजाच्या चांगलीच परिचयाची आहे. गावकुसाबाहेरच्या माणसांची नावेही दुसऱ्यांनीच ठेवली.

याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. २००३ मध्ये गावाचे नाव 'डॉ. आंबेडकर नगर' झाले. एका नावाची किंमत काय असते, हे मराठवाड्याने भोगले आहे. विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला, वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

लोकांच्या तोंडी महू अजून आहे, आणि त्यात वावगे काही नाही. मोहाच्या रानातले खेडे आणि तिथे जन्मलेला माणूस, दोन्ही नावे आपलीच. फक्त त्या आद्याक्षरांची दंतकथा वर्गात पुन्हा सांगू नये. त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्याच दिवशी बोलावले आणि माझी चूक कबूल केली.