कण्हेर
(हिं. कनेर, गु. करेण, सं. करवीर, अश्वमारक, लॅ. नेरियम ओलिएंडर, कुल–ॲपोसायनेसी). सु. २–४ मी. उंचीचे हे सदापर्णी झुडूप भूमध्य सामुद्रिक प्रदेशापासून भारतापर्यंत ओढ्यानाल्यांच्या काठी आढळते. पाने चिवट, लांबट व बहुधा तीन-तीनांच्या मंडलांत असतात. त्यांची त्वग्रंध्रे खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत दडलेली असल्याने बाष्पोच्छ्वास कमी होतो. त्यामुळे कडक उन्हाळ्यातही कण्हेर पांढऱ्या, गुलाबी वा तांबड्या फुलांनी बहरते.

लागवड पावसाळ्यात, पक्व फांदीच्या १५–२० सेंमी. लांबीच्या छाट कलमांनी करतात. निचऱ्याची कोणतीही जमीन चालते. मात्र सावलीत फुले कमी येतात. पहिले वर्षभर नियमित पाणी द्यावे. पुढे अधूनमधून दिलेले पुरते. फुले नव्या फुटींच्या टोकांस येत असल्याने बहर ओसरताच हलकी छाटणी करतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडतो.

झाडाचे सर्व भाग विषारी असून त्यांतील ओलिअँड्रीन हे ग्लायकोसाइड हृदयाची गती बिघडविते. अश्वमारक (घोड्यास मारणारे) हे संस्कृत नाव याचेच द्योतक आहे. वाळविल्याने वा उकळल्याने विष नाहीसे होत नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळू देऊ नयेत, तसेच जाळू नयेत. छाटणीनंतर हात धुवावेत. लहान मुले वा गुरे वावरतात तेथे कण्हेर लावू नये. विषबाधेचा संशय येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पिवळी कण्हेर निराळ्या प्रजातीतील असून तीही विषारी आहे.