जपानी मोटारीतील रेडिओ

आज ज्या विषयाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे, तो वरकरणी क्षुल्लक वाटेल. मोटारीत रेडिओ आहे, कळ दाबताच तो सुरू होतो, आकडे उजळतात. परंतु गावातील बहुतेक एफएम केंद्रे काही केल्या लागत नाहीत. संच बिघडला असावा, असे कोणीही म्हणेल. वस्तुतः तो बिघडलेला नसतो. तो दुसऱ्या देशासाठी घडविलेला असतो, एवढेच.

आपल्या रस्त्यांवर जपानी नावाच्या मोटारी पुष्कळ दिसतात. पण त्या बहुतांशी येथेच तयार होतात आणि त्यांतील रेडिओ येथल्या केंद्रांसाठीच असतो. न्यूझीलंडची गोष्ट निराळी. तेथेही जपानप्रमाणे डाव्या बाजूने वाहने हाकतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथील आयातीची बंधने सैल झाली, 1998 मध्ये मोटारींवरील जकातही गेली, आणि जपानात वापरलेल्या गाड्या जहाजे भरभरून येऊ लागल्या. ऑकलंडमध्ये नव्याने बिऱ्हाड थाटणारे मराठी कुटुंब बहुधा अशीच गाडी घेते. उद्या सिल्लोडचा एखादा मुलगा तेथे गेला, तर त्याच्याही वाट्यास हाच रेडिओ यावयाचा.

आता यामागील कारण पाहू. प्रत्येक केंद्र आपल्या लहरी ठरावीक वेगाने कंपित करते. सेकंदास दहा लक्ष कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. एफएमसाठी आपल्याकडे आणि न्यूझीलंडमध्ये साधारण 88 ते 108 हा पट्टा वापरतात. जपानात मात्र 90 ते 108 ही जागा दूरदर्शनच्या पहिल्या तीन वाहिन्यांना दिलेली होती. म्हणून तेथील एफएमला 76 ते 90 ही खालची जागा मिळाली. दोन्ही पट्टे 88 ते 90 एवढ्याच चिंचोळ्या भागात एकमेकांवर येतात. 2011-12 मध्ये जपानचे जुने दूरदर्शन प्रक्षेपण बंद झाले आणि 2014 पासून 95 पर्यंतची जागा एफएमकडे आली. त्यामुळे नव्या गाड्यांतील संच थोडे वर चढतात; पण 108 आवाक्याबाहेरच राहते.

यावर एक उपाय आहे. एरियलची तार आणि संच यांच्यामध्ये एक लहानशी डबी बसवितात. तिला बँड एक्सपांडर म्हणतात. ती येणाऱ्या लहरींची कंपनसंख्या ठरावीक अंतराने, समजा 12 ने, खाली उतरविते. समजा, एखादे केंद्र 92.4 वर आहे. बारा वजा केले की ते संचावर 80.4 ला सापडते. तथापि 76 ते 90 ही खिडकी चौदा मेगाहर्ट्झचीच. ती बाराने वर सरकविली, तर 88 ते 102 एवढेच दिसणार; पुढची केंद्रे सुटली ती सुटलीच. शिवाय जवळचे एखादे जोरकस केंद्र मूळ जागीच घुसून आवाजात आवाज मिसळते. दुसरा उपाय संचच बदलण्याचा. मात्र अनेक जपानी गाड्यांत एरियल मागच्या काचेत असते व त्यास विजेवर चालणारा वर्धक जोडलेला असतो. नव्या संचातून त्या वर्धकास वीज दिली नाही, तर नव्या पैशांत जुनीच खरखर विकत घेतल्यासारखे होते.

येथवर प्रश्न करमणुकीचा झाला. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये 'गॅब्रिएल' चक्रीवादळाने न्यूझीलंडच्या उत्तर बेटाला झोडपले. पूर्व किनाऱ्यावर वीज गेली, दूरध्वनीही ठिकठिकाणी मुके झाले. अशा वेळी दारात उभ्या गाडीची बॅटरी आणि तिचा रेडिओ हा बाहेरच्या जगाशी उरलेला धागा असतो. तेथील राष्ट्रीय नभोवाणीची एफएम केंद्रे 101 च्या आसपास आहेत. जपानी संच तेथवर पोहोचत नाही. पण म्हणून सूचना ऐकण्याचा मार्ग खुंटत नाही. मध्यमलहरींचा, म्हणजे एएमचा पट्टा या तिन्ही देशांत जवळजवळ एकच आहे आणि केंद्रांमधील अंतरही नऊ किलोहर्ट्झचेच. ऑकलंडचे 756, आपल्या पुण्याचे 792, हे दोन्ही आकडे त्याच जिन्याच्या पायऱ्या होत. जपानी संच त्या बिनतक्रार चढतो.

या लहरींचा आणखी एक गुण आहे. एफएमची लहर बहुतांशी सरळ रेषेत जाते. अजिंठ्याच्या घाटात डोंगर आड आला की आवाज का फाटतो, हे त्यावरून समजेल. मध्यमलहरी जमिनीलगत वळत दूरवर पोहोचतात. आवाज तितका गोड नसतो, पण संकटात गोडव्यापेक्षा शब्द कळणे महत्त्वाचे.

म्हणून परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांना आमचे सांगणे एवढेच की, गाडी घेताच रेडिओवरील एएमची कळ शोधावी, स्थानिक केंद्राचा आकडा टिपून गाडीत ठेवावा, आणि वादळाची वाट न पाहता एकदा तरी ते केंद्र लावून पाहावे.