धावत्या काळविटाचे छायाचित्र आणि ऑटोफोकस

उमरगा तालुक्यातील मुरुमच्या बाजूस सपाट शेते दूरवर पसरलेली आहेत. धाराशिव व सोलापूर जिल्ह्यांतील अशा उघड्या रानांत काळवीट आढळते. आपल्या दिशेने धावत येणाऱ्या काळविटाचे छायाचित्र पुष्कळदा असे उमटते की, डोळा धूसर आणि मागचे गवत मात्र रेखीव. दोष भिंगाच्या माथी मारला जातो. पण त्याचे मूळ अंतर मोजण्याचा क्षण आणि शटर उघडण्याचा क्षण यांच्यामधील विलंबात असते.

हा विलंब सेकंदाचा विसावा भाग धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा प्राणी तेवढ्यात सुमारे ८३ सेंटिमीटर पुढे सरकतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराचा संवेदक, ६०० मिलिमीटरचे भिंग, छिद्र ५.६ आणि अंतर ४० मीटर असता सुस्पष्टतेची मर्यादा मागेपुढे जेमतेम ७५ सेंटिमीटर पडते. म्हणजे अचूक मोजलेले अंतरही शटर उघडेपर्यंत शिळे झालेले असते.

१९८५ च्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यात फोकसची यंत्रणा अंगातच बसविलेली होती. पुढच्या कॅमेऱ्यांत तिला अनुमानाची जोड मिळाली. अखंड फोकसच्या पद्धतीत कॅमेरा लागोपाठ मापे घेतो व त्यांवरून प्राण्याचे पुढील स्थान ताडतो. मापेच तुटक असतील तर अनुमान कशावर करावयाचे? म्हणून कळ पूर्ण दाबण्यापूर्वी क्षणभर तरी प्राणी चौकटीत धरून ठेवावा. काळवीट उड्या घेत पळते. एकाच बिंदूपेक्षा बिंदूंचा समूह निवडणे हिताचे. मध्ये ज्वारीची ताटे येत असतील, तर नव्या वस्तूकडे फोकस सावकाश वळेल अशी योजना कॅमेऱ्यात करून ठेवावी.

दिशेचे महत्त्व मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही. वेग तोच असला तरी प्राणी ८० मीटरवरून ४० मीटरवर आला की भिंगाला सुमारे चौपट त्वरेने सरकावे लागते. आडवा जाणारा प्राणी अंतर फारसे बदलत नाही. नवशिक्याने तेथूनच आरंभ करावा.

काळवीट धावावे म्हणून त्याच्यामागे गाडी घालणारेही आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याला हाकणे येते, हे त्यांनी जाणावे. शिवाय गाडीच्या हादऱ्यांनी मापेही बिघडतात, ते निराळेच.

उन्हे चढल्यावर काळ्या जमिनीवरील तापलेली हवा लहरू लागते. मग डोळा ओळखणारी अद्ययावत यंत्रणाही चाचपडते, कारण भिंगापर्यंत येणारे किरणच वाकलेले असतात. त्या वेळी फोकसची कितीही खटपट केली तरी दूरचे चित्र रेखीव येत नाही. सकाळची पहिली घटकाच या कामाला उपयोगी पडते.