घरकामाच्या शाळेत उद्योगाचे धडे

उद्योग कसा चालवावा याचे शिक्षण व्यवस्थापन महाविद्यालयात मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र साठा किती ठेवावा, कामांचा क्रम कसा लावावा, हाती आलेला पैसा महिनाभर कसा पुरवावा, हे प्रश्न कारखान्यांच्या कितीतरी आधी घराघरांत सोडविले जात होते. घर सांभाळणाऱ्या व्यक्तीला 'इन्व्हेंटरी' किंवा 'कॅश फ्लो' हे शब्द कदाचित ठाऊक नसतात, पण त्यामागील व्यवहार तिच्या अंगवळणी पडलेला असतो. पोळीभाजीचे डबे, मसाले, दिवाळीचा फराळ असे व्यवसाय घरातूनच सुरू करणाऱ्यांना हीच शिदोरी कामी येते. त्याचबरोबर घरकामाची एक सवय अशीही आहे, की ती धंद्यात जशीच्या तशी आली तर धंदा तोट्यात जातो आणि ते लवकर लक्षातही येत नाही. म्हणूनच घराकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कामांचा क्रम

रविवारी दुपारी मटकीची उसळ करायची असेल, तर शुक्रवारी रात्री मटकी भिजत घालावी लागते आणि शनिवारी ती उपसून फडक्यात बांधून ठेवावी लागते. प्रत्यक्ष फोडणीला आणि शिजण्याला लागणारा वेळ फार नसतो. कांदा कितीही वेगाने चिरला तरी मोड लवकर येत नाहीत. सर्वांत जास्त वेळ घेणारे काम आधी सुरू करायचे आणि ते होत असताना बाकीची कामे उरकायची, हा त्यातील नियम. कणीक भिजवून मुरत ठेवणे, तोवर कुकर लावणे आणि भाजी चिरणे, हे त्याचेच रोजचे रूप आहे.

याच विचारावर 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत उभी आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीच्या प्रकल्पांसाठी ती विकसित झाली. कोणत्या कामाला उशीर झाला तर संपूर्ण प्रकल्प लांबतो, ते शोधून त्यावर लक्ष ठेवणे, हे तिचे सार. फराळाचा व्यवसाय करणाऱ्याच्या दृष्टीने चकली तळणे हे असे काम नसते. भाजणी दळून आणणे, डबे व वेष्टने वेळेवर मिळविणे येथेच गाडी अडते. त्याची सुरुवात दिवाळीच्या कितीतरी आधी करावी लागते.

साठा किती, कधी?

ज्या घरात गॅसचे दोन सिलिंडर असतात, तेथे एक संपला की दुसरा जोडला जातो आणि त्याच दिवशी रिकाम्याच्या बदल्यात नवा नोंदविला जातो. घरात चार सिलिंडर भरून ठेवले जात नाहीत आणि स्वयंपाकही अडत नाही. मागणीची सूचना रिकामा सिलिंडरच देतो. कारखान्यांतील सुट्या भागांसाठी हीच रीत 'टू बिन' या नावाने वापरली जाते.

जपानच्या टोयोटा कंपनीतील ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर 'कानबान' पद्धत घडविली. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये ग्राहक जेवढा माल उचलतो तेवढाच फळीवर पुन्हा भरला जातो, या व्यवहारातून त्यांना ही कल्पना सुचली. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने माल बनवायचा नाही, असा तिचा दंडक आहे. डब्याचा तळ दिसू लागला की वाण्याच्या यादीत नाव चढते, त्यामागेही हेच तत्त्व असते. स्वस्त मिळाले म्हणून भारंभार आणलेल्या रव्याला शेवटी अळ्या होतात. व्यवसायात पडून राहिलेला माल डोळ्यांना असा दिसत नाही, पण भांडवल त्यातही अडकतेच.

साठा वापरण्यालाही क्रम असतो. नवी तूरडाळ जुन्या डाळीवर ओतली, तर जुनी डाळ तळाशी राहून खराब होते. जाणती गृहिणी जुनी डाळ काढून नवी खाली घालते आणि जुनी वर ठेवते. औषधांच्या व खाद्यपदार्थांच्या गोदामांत जुना माल आधी बाहेर काढण्याचा नियम याच कारणासाठी असतो.

जागच्या जागी

मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद, तिखट यांच्या वाट्यांच्या जागा ठरलेल्या असतात. तेल तापलेले असताना मोहरी शोधत बसणे परवडत नाही. जपानी उद्योगांतील 'फाइव्ह एस' पद्धतीत सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके या पाच पायऱ्या आहेत. नको ते काढून टाकणे, उरलेले जागच्या जागी लावणे, स्वच्छता राखणे, त्याची पद्धत ठरविणे आणि ती शिस्तीने पाळणे, असा त्यांचा अर्थ. यातील शेवटची पायरी सर्वांत अवघड असते. दिवाळीपूर्वी घर आवरणे प्रत्येकाला जमते, ते फाल्गुनापर्यंत तसेच राखणे थोड्यांनाच साधते.

पैसा वेळेवर हाती असणे

पगार महिन्याच्या सुरुवातीला येतो, खर्च मात्र महिनाभर आणि वर्षभर विखुरलेला असतो. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरायचे, जूनमध्ये शाळेचा खर्च, पुढे गणपती आणि दिवाळी. त्यासाठी दूध, वाणसामान, शाळा अशी वेगवेगळी पाकिटे करून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. उत्पन्न पुरेसे असूनही ऐनवेळी हातात रोकड नसेल तर अडचण येते, हे घराला ठाऊक असते.

छोटे व्यवसाय अनेकदा याच ठिकाणी ठेचकाळतात. माल विकला जातो, वहीत नफा दिसतो, पण उधारी वसूल होत नाही आणि पुढच्या मालाला पैसा उरत नाही. लघु उद्योगांना ग्राहक कंपन्यांकडून वेळेत पैसे मिळावेत म्हणून २००६च्या कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत घातली आहे. तरीही व्यवसायाची रोकड घरखर्चात आणि घरखर्चाची व्यवसायात मिसळली, तर 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते' अशी गत होते. गळती नेमकी कोठे आहे, हेच कळत नाही.

न मोजलेले श्रम

येथपर्यंत घराचे धडे उपयोगी आहेत. मात्र घर एका गोष्टीचा हिशेब कधीच ठेवत नाही, ती म्हणजे राबणाऱ्या हातांची मजुरी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. अपघातातील भरपाई ठरविताना न्यायालयांना मात्र या कामाची किंमत करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये लता वाधवा प्रकरणात गृहिणींच्या सेवेचे मोल दरमहा ३ हजार रुपये धरले होते. २०२१च्या एका निकालातही गृहिणींचे उत्पन्न काल्पनिकरीत्या निश्चित करण्याचे तत्त्व न्यायालयाने अधोरेखित केले.

'आपल्या घरच्या माणसाचे कसले पैसे' ही वृत्ती संसारात शोभते. व्यवसायात ती महाग पडते. समजा, जेवणाचा एक डबा १०० रुपयांना विकला जातो. साहित्याचे ५५ आणि इंधन, वेष्टन व पोहोचविण्याचे १५ रुपये वजा जाता ३० रुपये उरतात. रोज २० डबे गेले तर ६०० रुपये 'नफा' दिसतो. या डब्यांमागे सहा तासांचे काम असेल आणि तेच काम करणाऱ्या मदतनीसाला ताशी १०० रुपये द्यावे लागत असतील, तर ते ६०० रुपये ही निव्वळ मजुरी ठरते आणि नफा शून्यावर येतो. मालकीण चार दिवस आजारी पडून दुसऱ्याला कामावर घ्यावे लागले, की हे सत्य उघडे पडते. डब्यांची संख्या ४० केली तरी ते बदलत नाही, कारण दर ठरविताना श्रम धरलेलेच नसतात.

'लिज्जत'चे उदाहरण

या बाबतीत मुंबईतील श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेचे उदाहरण बोलके आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दर्जात तडजोड नको आणि हिशेब चोख हवा, हा मार्गदर्शक छगनलाल पारेख यांचा आग्रह होता. भगिनींनी पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि त्यांची वणाई, म्हणजेच लाटण्याची मजुरी, घ्यायची अशी पद्धत रुजली. पापड लाटण्याचे कौशल्य घरातलेच होते. त्याला दर लागला, वहीत जागा मिळाली आणि त्यातून हजारो स्त्रियांचा उद्योग उभा राहिला.

घरातून व्यवसाय सुरू करणाऱ्यांनी यातून घेण्यासारखी गोष्ट सोपी आहे. दर ठरविण्यापूर्वी वहीत साहित्य, इतर खर्च आणि स्वतःच्या कामाचे तास असे तीन रकाने आखावेत. तिसऱ्या रकान्यात बाजारातील मजुरीचा दर लिहावा. तो धरूनही काही शिल्लक राहत असेल, तरच त्याला नफा म्हणता येईल.