चित्र एक, पाने पाचशे

पाचशे प्रमाणपत्रे छापायची आहेत. प्रत्येकावर तेच बोधचिन्ह, तीच वेलबुट्टीची चौकट, तीच मोहोर. बदलते ते फक्त नाव. बोधचिन्ह ४० केबीचे असेल आणि प्रत्येक पानात ते नव्याने भरले, तर नुसत्या चिन्हापायीच फाइल २० एमबीवर जाते. तेच चित्र फाइलीत एकदा ठेवून पानोपानी त्याला फक्त हाक मारली, तर पानामागे मोजके बाइट वाढतात. ही सोय पीडीएफच्या रचनेतच आहे, आणि तिच्यामागचा विचार मला संगणकशास्त्रातल्या फार सुंदर विचारांपैकी एक वाटतो.

त्याचे मूळ पोस्टस्क्रिप्टमध्ये आहे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अडोबी कंपनी काढली. १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट आली आणि पुढच्याच वर्षी ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरमध्ये जाऊन बसली. पोस्टस्क्रिप्ट ही पुरती प्रोग्रॅमिंगची भाषा होती. तिच्यात अटी होत्या, आवर्तने होती, स्वतःची कार्ये रचता येत. पण त्यामुळेच चाळिसावे पान कसे दिसेल हे कळायला कधी कधी आधीचा सगळा प्रोग्रॅम चालवून पाहावा लागे. वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ नावाने मांडलेल्या कल्पनेतून १९९३ साली पीडीएफ आले. त्यात चित्र काढण्याच्या आज्ञा राहिल्या. अटी आणि आवर्तने गेली. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले.

पीडीएफने विचार करणे सोडले, म्हणून ते काम बाहेरच्या स्क्रिप्टकडे आले. नावांची यादी वाचणे, पान मोजणे, पुढचे पान सुरू करणे हे पायथन, पीएचपी किंवा रूबीने करायचे आणि निघालेला निकाल तेवढा फाइलीत लिहायचा. वारंवार लागणाऱ्या आकृतीसाठी पीडीएफमध्ये ‘फॉर्म एक्सऑब्जेक्ट’ असतो. भरायच्या अर्जाशी त्याचा काही संबंध नाही. रेषा, रंग, मजकूर, प्रतिमा असे सगळे मिळून झालेले ते एक स्वयंपूर्ण चित्र. त्याला स्वतःचे फॉन्ट लागतात, स्वतःची हद्द असते, आणि हद्दीबाहेर गेलेला भाग बिनदिक्कत कापला जातो. मोहोरीची कड अर्धवट छापली गेली की आधी ही हद्द तपासावी.

लंडनच्या रिपोर्टलॅबच्या पायथन संचात ‘बिगिनफॉर्म’ आणि ‘एंडफॉर्म’ यांच्यामध्ये चित्र काढायचे, मग हवे तिथे ‘डूफॉर्म’ म्हणायचे. रूबीच्या प्रॉनमध्ये यालाच ‘स्टॅम्प’ म्हणतात. पीएचपीमधला एफपीडीआय तर आधीच तयार असलेल्या पीडीएफचे अख्खे पान असे चित्र म्हणून उचलतो. म्हणजे चौकट चित्रकाराने कोरलड्रॉमध्ये सजवून द्यावी आणि स्क्रिप्टने तिच्यावर फक्त नावे टाकावीत. जागा नेमताना सहा आकडे द्यायचे असतात. त्यांतच सरकवणे, फिरवणे, लहानमोठे करणे सगळे येते. मोजणी पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून, इंचाला ७२ बिंदू. ए-४ पान साधारण ५९५ बाय ८४२ बिंदूंचे.

चौकट आणि मोहोर इथवर सुखरूप येतात. अडते ते नावाशी.

फॉन्टमधले प्रत्येक अक्षरही खरे तर एकदा साठवून पुन्हा पुन्हा बोलावलेले चित्रच. पीडीएफच्या १४ प्रमाण फॉन्टांत देवनागरी नाही. ती सोबत बांधून द्यावी लागते. पण फॉन्ट दिला म्हणून काम संपत नाही. ‘कि’मधली वेलांटी साठवताना ‘क’च्या नंतर येते आणि छापताना आधी. ‘क्ष’ तीन संकेतांचा, दिसायला एक. ‘दुसऱ्या’ हा शब्द जसाच्या तसा ओतला तर खाली नुक्ता असलेला र, पायमोडका हलन्त आणि पुढे य असे विद्रूप काहीतरी उमटते. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासारख्या ठिकाणी जोडाक्षराचा नेमका खिळा कोणता, हे जुळाऱ्याच्या हाताला ठाऊक असे. संगणकात त्या जुळाऱ्याचे काम हार्फबझ हा प्रोग्रॅम करतो. पायथनच्या एफपीडीएफ-२ मध्ये तो मुद्दाम चालू करावा लागतो. वीझीप्रिंट हे साधन मात्र पँगो या संचामार्फत आपणहून त्याच्याकडे जाते. मराठीत काम करणाऱ्याने साधन निवडताना ते हार्फबझ वापरते का, हा प्रश्न पहिला विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रमाणपत्रावरचा ठरीव मजकूर फॉर्ममध्ये घातला तर त्याची जुळणी एकदाच होते. नावे मात्र प्रत्येक वेळी जुळवावी लागतात, म्हणून चाचणीला ‘अमर’, ‘मदन’ घेऊ नयेत; ‘श्रद्धा’, ‘ऋत्विक’, ‘कीर्ती’, ‘गोऱ्हे’ घ्यावीत. पान डोळ्यांना शुद्ध दिसले तरी नाव निवडून दुसरीकडे चिकटवून पाहावे. चित्रावरून मूळ युनिकोड अक्षराकडे नेणारा तक्ता फाइलीत नसेल किंवा चुकीचा असेल, तर शोध लागत नाही, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर त्याच्याच प्रमाणपत्रावरचे त्याचे नाव चुकीचे वाचतो.