गोंगाट कोणाचा, लहर कोणाची?

'गोंगाट' हा शब्द मराठीत बहुधा दुसऱ्याच्या आवाजासाठी राखून ठेवलेला असतो. आपल्या दारची सनई मंगलवाद्य आणि शेजारच्या मांडवातला बँड गोंगाट. आपल्या दिंडीत होतो तो गजर, दुसऱ्याच्या मिरवणुकीत होतो तो कलकलाट. नुसत्या आवाजांसाठी मात्र आपल्या भाषेत शब्दांची वानवा नाही. खरखर, घरघर, कुरकुर, खडखड, सळसळ, भणभण, किणकिण असे कितीतरी शब्द आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांत निंदा नाही. निंदा येते ती आवाज कोणी केला हे कळल्यानंतर. जगात 'नॉइज म्युझिक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मी ज्याला सोयीसाठी 'गोंगाट-संगीत' म्हणतो त्या प्रकाराचा विचार नांदेड-लातूरकडून करताना मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या संगीताचा रेडिओशी फार जवळचा संबंध आहे. त्यामुळे आवाज कोणाचा या प्रश्नाला लागूनच लहर कोणाची हा प्रश्न येतो.

आधी संज्ञा पाहू. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने स्वर म्हणजे नियमित कंपन आणि गोंगाट म्हणजे अनियमित कंपन. तंबोऱ्याच्या तारेची कंपने एका हिशेबात चालतात, म्हणून तिचा 'सा' ओळखू येतो. रेडिओच्या दोन स्टेशनांमधल्या खरखरीत सगळ्या कंपनसंख्या एकदम मिसळलेल्या असतात, म्हणून तिथे कोणताच स्वर हाती लागत नाही. पण ही सीमारेषा वाटते तितकी पक्की नाही. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय? घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून मुद्दाम आणलेली झणझण. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही कला एका अर्थी नियंत्रित गोंगाटाचीच कला आहे. यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके ऐका. तार ताणत-सैल करत वाजवल्यामुळे त्याचा नाद सतत सरकत राहतो, स्वराच्या खुंटीला तो बांधून घेत नाही. हलगी तर शेकोटीवर तापवून, कातडे ताणून, कानठळ्या बसाव्यात अशीच वाजवायची असते. गोंगाट-संगीत परदेशातून आलेले खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यायला हरकत नाही.

तरीही या नावाने ओळखली जाणारी परंपरा युरोपात सुरू झाली, हे खरे. इटलीतील चित्रकार लुइजी रुसोलो यांनी १९१३ मध्ये 'गोंगाटाची कला' असा जाहीरनामा लिहिला आणि गुरगुरणारी, फुसफुसणारी यंत्रे तयार केली. पण या कलेला खरे घर मिळाले ते रेडिओत. पॅरिसच्या रेडिओतील अभियंते पिएर शेफर यांनी बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले, ते तबकड्यांवर उलटसुलट आणि पुन:पुन्हा वाजवून त्यांची रचना केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती फ्रेंच रेडिओवरून 'गोंगाटाची मैफल' या कार्यक्रमात प्रसारित झाली. टेपरेकॉर्डर तेव्हा त्यांच्या हाती नव्हता. तबकडीची खाच एका फेऱ्यात बंद करायची, म्हणजे तोच तुकडा फिरत राहतो, अशी त्यांची युक्ती होती.

तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांनी रेडिओलाच वाद्य केले. बारा रेडिओ आणि चोवीस वादक. प्रत्येक संचावर एक जण स्टेशन फिरवणारा आणि दुसरा आवाज कमीजास्त करणारा. प्रयोग सुरू होईपर्यंत मध्यरात्र जवळ आली, बरीच केंद्रे बंद झाली होती आणि श्रोत्यांच्या वाट्याला मुख्यत्वे शांतता व खरखर आली. केज यांच्या विचारात भारताचा वाटा मोठा आहे. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई त्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीतरचना शिकल्या आणि त्यांनी केज यांना भारतीय संगीत समजावून दिले. मन शांत करून दैवी प्रभावासाठी मोकळे करणे हे संगीताचे प्रयोजन आहे, ही आपल्या गुरूची शिकवण त्यांनी केज यांच्यापर्यंत पोहोचवली. पुढे याच गीताबेनच्या शहरात, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आणि स्वतः गीता साराभाई यांनी तिथे केलेल्या प्रयोगांच्या टेपा पुढे अनेक वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्या २०२३ मध्ये संकलित होऊन प्रसिद्ध झाल्या. म्हणजे प्रयोग झाला, पण तो ऐकवायला लहर नव्हती.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हा निजामाच्या राज्याचा भाग. या राज्यातले रेडिओ केंद्र मुळात सरकारी नव्हते. तिसाच्या दशकाच्या पूर्वार्धात टपाल-तार खात्यातील मेहबूब अली यांनी हैदराबादच्या चिराग अली गल्लीत सुमारे २०० वॅटचे खासगी केंद्र चालवले. १९३५ मध्ये निजाम सरकारने ते ताब्यात घेतले आणि 'दक्कन रेडिओ' उभा राहिला. १९४१ मध्ये औरंगाबादला दुसरे केंद्र निघाले. प्रसारण मुख्यत्वे उर्दूतून होई, तरी मराठी, तेलुगू आणि कन्नड कार्यक्रमही असत. १ एप्रिल १९५० रोजी ही केंद्रे आकाशवाणीकडे गेली. एका माणसाची हौस, मग संस्थान, मग केंद्र सरकार असा हा प्रवास आहे. आपल्या भागातील रेडिओचा इतिहास लिहिताना त्याची पहिली पायरी सहसा गळून पडते.

आकाशवाणीने संगीतासाठी केलेले काम डोंगराएवढे आहे, याबद्दल वाद नाही. पण संगीत कोणते आणि गोंगाट कोणता हे ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडे गेला. १९४० मध्ये हार्मोनियमवर रेडिओबंदी आली. तिचे स्वर ठरावीक जागी बांधलेले, मींड तिच्यात निघत नाही, असा आक्षेप होता. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी ज्या महाराष्ट्राला वेड लावले, त्याच महाराष्ट्रातल्या केंद्रांवर ती पेटी बंद झाली. सत्तरच्या दशकात ही बंदी सैल झाली. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठीच. त्यांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आज शांत, सभ्य वाटणारी पेटी आणि आज अभिजात मानली जाणारी जुनी गाणी एके काळी रेडिओच्या दारात अडवली गेली होती. गोंगाटाची व्याख्या कानापेक्षा खुर्चीवर जास्त अवलंबून असते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांच्या आधारे लहर दीर्घकाळ सरकारच्या मुठीत राहिली. घरात नुसता रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात परवाना फी भरावी लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. हौशी रेडिओचालकांना परवाना मिळतो, पण त्यांना संगीत प्रसारित करण्यास मनाई आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात याच हौशी मंडळींनी संदेशवहनाचे मोलाचे काम केले. वळण आले ते ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट शक्ती आणि ३० मीटर उंचीचा मनोरा अशी. एवढ्यात दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर ऐकू शकतो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशी अट आहे. एकट्या व्यक्तीला मात्र हा परवाना मिळत नाही. बिहारमधील मन्सूरपूरचे राघव महतो आपल्या दुरुस्तीच्या दुकानातून गावासाठी रेडिओ चालवत. २००६ मध्ये तो बंद झाला, तो परवान्याअभावीच.

आपल्या सीमेपलीकडे, बिदरला लागून असलेल्या जहीराबाद भागात मचनूर गावी 'संगम रेडिओ' आहे. दलित स्त्रिया तो चालवतात. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचे प्रसारण सुरू झाले. त्याआधी सुमारे दहा वर्षे स्टुडिओ तयार होता, पण परवाना नव्हता. मग त्यांनी कार्यक्रम कॅसेटवर मुद्रित करून गावोगावच्या बैठकांत ऐकवले. नेमक्या याच रीतीने जपानमधील मासामी अकिता यांनी, म्हणजे 'मर्झबो' या नावाने गाजलेल्या कलावंताने, ऐंशीच्या दशकात आपले गोंगाट-संगीत कॅसेटवर भरून टपालाने जगभर पाठवले. दोघांची कला आणि हेतू यांत काहीच साम्य नाही. पण लहर मिळत नसेल तर हातोहात आवाज पोहोचवायचा, ही युक्ती एकच. लंडनमध्ये २००२ साली संगीतकारांच्याच संघटनेने 'रेझोनन्स एफएम' सुरू केले, तेव्हा अशा संगीताला नियमित वेळापत्रक मिळाले. महाराष्ट्रात म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारखी केंद्रे गावच्या बोलीला जागा देतात. ज्या केंद्राने बोलीला जागा दिली, त्याला गावच्या आवाजांनाही देता येईल.

हे आवाज करायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. या विषयातले माझे शिक्षण रेडिओदुरुस्तीच्या बाकावर बसूनच झाले आहे. पहिले साधन म्हणजे पिझो चकती. खेळण्यात किंवा गजराच्या घड्याळात असते ती पितळी चकती आवाज काढते, तशीच ती कंपन पकडतेही. तिला आवरणाची वायर जोडून ती पत्र्याला, बोअरच्या पाइपला किंवा हलगीच्या कड्याला चिकटवली, की हवेतून कानापर्यंत कधीच न येणारा आतला आवाज मिळतो. दुसरे साधन म्हणजे मिक्सर. त्याचे निर्गम त्याच्याच आगमात जोडले की यंत्र स्वतःशीच बोलू लागते. बटणे फिरवून ती शीळ वळवता येते. हे करताना आवाज आधी अगदी खाली ठेवावा, नाहीतर स्पीकर आणि कान दोन्ही जायचे. तिसरे साधन म्हणजे जुना मीडियम वेव्ह रेडिओ. रात्री वातावरणाचा लहरी शोषणारा खालचा थर विरून जातो आणि दूरची केंद्रे ऐकू येतात. वळिवाच्या दिवसांत दूरवर वीज चमकली की कडकड आधी रेडिओत येते, कारण वीज लहरीची उंची बिघडवते आणि मीडियम वेव्हवर संदेश त्या उंचीतच असतो. एफएमवर तो कंपनसंख्येत असतो, म्हणून तिथे ही कडकड जवळपास नसते. मीडियम वेव्ह रेडिओ म्हणजे पावसाच्या वार्तेचे वाद्यच.

गेली काही वर्षे मी अशा साधनांनी आपल्या भागातले आवाज साठवत आलो आहे. लातूरच्या डाळमिलची चाळण, सोयाबीनचे मळणीयंत्र, कडबाकुट्टी, बाजार समितीतला लिलाव, माळेगावच्या यात्रेतली पहाट, रात्रभर चालणारी बोअरची गाडी. या कामात मला शेफर यांच्याशी एका मुद्द्यावर फारकत घ्यावी लागली. आवाजाचा उगम विसरा, केवळ नाद ऐका, असे त्यांचे सांगणे होते. आगगाडी विसरली तरच आगगाडीचे संगीत होते. पण १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिण्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन गाडी लातूरला आली, तेव्हा रुळांच्या त्या खडखडाटाचा उगम विसरणे कोणत्या लातूरकराला शक्य होते? बोअरच्या गाडीचा आवाज कोरडा आहे की ओला, यावर एका घराचे वर्ष ठरते. कर्ज काढून खोदणारा शेतकरी तो आवाज कोणत्याही संगीतज्ञापेक्षा बारकाईने ऐकतो. आमच्याकडचे गोंगाट-संगीत उगमासकटच ऐकावे लागेल.

हलगीचेही तसेच आहे. ती वाजवणाऱ्या मातंग समाजाला देवळाच्या बाहेर उभे राहून देवाच्या पालखीपुढे वाजवावे लागले. वाद्य हवे होते, वादक नको होता. आज तोच ठेका डीजेच्या भिंतीतून येतो आणि वादक रिकामा बसतो. डीजेला मी गोंगाट-संगीत मानत नाही. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ती पाळली गेली पाहिजे. गोंगाट-संगीत मोठ्याने ऐकावे लागतेच असे नाही, लक्ष देऊन ऐकावे लागते. डीजे दुसऱ्याला ऐकू देत नाही, म्हणून तो मला या कलेच्या उलट टोकाला वाटतो. रेडिओचा श्रोता हवे तेव्हा बटण फिरवून सुटू शकतो. ही सभ्यता त्या माध्यमातच आहे.

इंटरनेटवरील प्रसारणाला लहरीचा परवाना लागत नाही, म्हणून आता प्रश्न सुटला असे तरुण मित्र म्हणतात. तो अर्धाच सुटला आहे. जगभर ऐकू जाणारा आवाज शेजारच्या वाडीत ऐकला जाईलच असे नाही आणि संगम रेडिओची ताकद त्या दहा-पंधरा किलोमीटरांतच आहे. माझी अपेक्षा फार मोठी नाही. नांदेड-लातूरच्या एखाद्या शिक्षणसंस्थेने सामुदायिक रेडिओ चालवावा आणि त्यात आठवड्याचा एक तास गावच्या आवाजांना द्यावा. त्या तासाचे संपादन ध्वनितज्ञाकडे नको. हलगीवाल्याकडे, मळणीयंत्रावरच्या मजुराकडे, पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या बाईकडे असावे. काय ऐकवायचे ते त्यांनी ठरवावे, काय गाळायचे तेही त्यांनीच. पेटीला आत यायला तीस वर्षे लागली. हलगी त्याहून कितीतरी जास्त काळ बाहेर उभी आहे.