वारा कोणाला वाहून नेतो?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञानशिक्षकांच्या कार्यशाळेत आम्ही हवाई छत्र्या करत होतो. जुन्या छत्रीच्या कापडाचे तुकडे, शिवणाचा दोरा आणि वजनाला लोखंडी वॉशर. शाळेच्या पहिल्या मजल्यावरून छत्र्या सोडायच्या आणि वेळ मोजायची. वारा सुटला होता. एक छत्री भरकटत कुंपणापलीकडे गेली तशी एका बाईंनी विचारलं, "मॅडम, सिनेमात ते छत्रीधारी सैनिक दाखवतात. ते असेच वाऱ्यानं कुठल्या कुठे जात असतील ना?" मी म्हणाले, "हो, जातात तर!"

घरी आल्यावर आकडेमोड करून पाहिली आणि लक्षात आलं, की आपलं उत्तर चुकलं.

महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक वापरत ती छत्री सपाट पसरली तर सुमारे २८ फूट व्यासाची होती. म्हणजे क्षेत्रफळ साधारण ५७ चौरस मीटर. सैनिक आणि त्याच्या अंगावरचं सामान मिळून १३० किलो धरू. छत्री उघडल्यावर थोड्याच वेळात हवेचा विरोध वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हवेची घनता आणि छत्रीच्या आकाराचा गुणांक घालून गणित केलं, तर खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर येतो. एवढ्या वेगानं जमिनीला टेकणं म्हणजे अडीच मीटर उंचीवरून उडी मारणं, एसटीच्या टपावरून मारण्यापेक्षा थोडं कमी.

आता सहाशे फुटांवरून, म्हणजे सुमारे १८० मीटरवरून उडी मारली, तर सैनिक हवेत असतो जेमतेम २६ सेकंद. वारा ताशी ५६ किलोमीटरचा, म्हणजे चांगलाच जोराचा असला तरी या वेळात तो सैनिकाला सुमारे ४०० मीटर बाजूला नेईल. हे अंतर थोडं नाही, पण 'कुठल्या कुठे' म्हणावं एवढंही नाही. मग हजारो सैनिक वीसवीस, तीसतीस किलोमीटर चुकीच्या जागी उतरल्याच्या हकिकती आपण वाचतो त्यांचं काय?

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या इतिहासात सापडतं. ही डिव्हिजन मूळची पायदळाची. १९१७ साली जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डन इथे ती उभी राहिली. तेव्हाच्या सर्व ४८ राज्यांतले सैनिक तिच्यात होते, म्हणून तिला 'ऑल अमेरिकन' म्हणू लागले. पहिल्या महायुद्धानंतर ती मोडली, १९४२ मध्ये पुन्हा उभारली गेली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती अमेरिकेची पहिली एअरबोर्न डिव्हिजन झाली. काही सैनिक छत्रीनं उतरणारे, तर काही बिनइंजिनाच्या ग्लायडरमधून. पुरतं एक वर्षही झालं नव्हतं, तोच १९४३ च्या जुलैमध्ये तिला सिसिलीवर उतरायचा हुकूम मिळाला.

९ जुलैच्या रात्री ट्युनिशियातून २२६ विमानं निघाली. त्यांत कर्नल जेम्स गॅव्हिन यांच्या हाताखालचे सुमारे ३,४०० छत्रीधारी होते. समुद्रावरून आधी माल्टा बेट गाठायचं आणि तिथून वळून सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या जेला गावाकडे जायचं, असा मार्ग होता. प्रवास तीनेक तासांचा. रात्रीची वेळ, वैमानिकांना अशा उड्डाणाचा सराव कमी आणि वारा ताशी सुमारे ५६ किलोमीटरचा. वरच्या गणितात मी तोच आकडा घेतला आहे.

तोच वारा आता विमानाला लावून पाहा. नदी तिरकी ओलांडणाऱ्या नावेचं उदाहरण आपण नववी-दहावीच्या मुलांना सांगतोच. विमानाचं नाक जिकडे असतं तिकडेच ते जातं असं नाही, ज्या हवेत ते उडतं ती हवाच सरकत असते. वारा आडवा असेल आणि काहीच दुरुस्ती केली नाही, तर तीन तासांत विमान १६८ किलोमीटर बाजूला जाईल! प्रत्यक्षात वैमानिक दुरुस्ती करतातच. पण वाऱ्याचा अंदाज पाचव्या हिश्शानं चुकला, तरी तीसेक किलोमीटरची चूक उरते. सैनिक वाऱ्याच्या तावडीत २६ सेकंद असतो, विमान तीन तास. बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं.

त्या रात्री कित्येक विमानांना माल्टा दिसलंच नाही. पुष्कळ सैनिक पूर्वेला, ब्रिटिशांच्या विभागात जाऊन पडले. ठरल्या जागी उतरलेले फार थोडे. खुद्द गॅव्हिन यांना तर आपण सिसिलीतच उतरलो आहोत का, याचीही सुरुवातीला खात्री नव्हती. जमिनीवर टेकतानाही वाऱ्यानं हिसका दिलाच. खाली येण्याचा ७ मीटरचा वेग आणि आडवा १५.६ मीटरचा वेग यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी करायची, म्हणजे ती १७ येते. हा सगळा वेग एका जागी थांबला असता, तर तो पंधरा मीटर उंचीवरून पडण्यासारखा ठरला असता. माणूस फरफटत जातो म्हणून वाचतो, पण हाडं मोडतातच.

विखुरलेल्या सैनिकांनी लहान लहान टोळ्या करून दिसतील त्या टेलिफोनच्या तारा तोडल्या. त्यामुळे शत्रूला त्यांची संख्या होती त्याहून बरीच जास्त वाटली. लष्करी इतिहासकार ही गोष्ट कौतुकानं सांगतात. मला मात्र ती नशिबाची बाजू वाटते.

कारण दोनच दिवसांनी, ११ जुलैच्या रात्री, नशिबानं साथ दिली नाही. त्याच डिव्हिजनची दुसरी तुकडी १४४ विमानांतून आली. खाली अमेरिकन जहाजं आणि तोफा होत्या, आणि त्यांच्यावर त्याच दिवशी जर्मन बॉम्बफेक झाली होती. कोणीतरी गोळी झाडली आणि मग सगळ्यांनीच झाडल्या. २३ विमानं आपल्याच तोफांनी पाडली, आणखी ३७ विमानांचं नुकसान झालं. आज रात्री आपलीच विमानं येणार आहेत हा निरोप धाडला गेला होता, पण तो प्रत्येक तोफेपर्यंत पोचला नव्हता.

यानंतर सेनापती आयसेनहॉवर यांनी वरिष्ठांना कळवलं, की एवढी मोठी एअरबोर्न डिव्हिजन ठेवण्यावर आपला विश्वास नाही. ८२व्या डिव्हिजनचं भवितव्यच टांगणीला लागलं.

त्यातून जी वाट निघाली ती मला शिकवण्याच्या दृष्टीनं फार आवडते. मुख्य विमानांच्या आधी थोडे निवडक सैनिक उतरवायचे आणि त्यांनी जागा दाखवायची. १३ सप्टेंबर १९४३ च्या रात्री इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर पेट्रोलनं भिजवलेली वाळू पेटवून जमिनीवर इंग्रजी टी अक्षर काढलं. खालच्या तोफांना गप्प राहण्याचा सक्त हुकूम होता. बहुतेक सैनिक त्या खुणेच्या मैलभराच्या आत उतरले.

याच सुमारास रेडिओही आला. विमानात 'रेबेका' आणि जमिनीवर 'युरेका' अशी यंत्रांची जोडी असे. रेबेकानं स्पंद पाठवला की युरेका उत्तर देई, आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर कळे. एका किलोमीटरला जाऊन-येऊन सुमारे ६.७ मायक्रोसेकंद, म्हणजे विहिरीतल्या प्रतिध्वनीचीच युक्ती, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी. पण शेकडो विमानांनी एकदम विचारलं, तर युरेकाचा गोंधळ उडेल. म्हणून ६ जून १९४४ ला नॉर्मंडीवर जाताना रेबेका फक्त पुढच्या विमानांनी चालू करायचा, बाकीच्यांनी त्यांच्यामागे जायचं असं ठरलं. किनाऱ्यावर अचानक ढगांचा थर लागला आणि रांगा फुटल्या. मागच्यांना पुढचं विमान दिसेना आणि रेबेका चालू करायची मुभा नव्हती. सांत-मेर-एग्लीज गावाजवळ एक रेजिमेंट बरीचशी नीट उतरली, पण बाकीच्या दोन मेर्देरे नदीच्या पाणथळीत विखुरल्या. तिथे जर्मनांनी पाणी अडवलं होतं आणि वर गवत असल्यानं ते विमानातून घेतलेल्या फोटोंत कळलं नव्हतं. अमेरिकन पट्ट्यांना तीन कड्या होत्या. ब्रिटिशांप्रमाणे एका खटक्यात पट्टे सुटत नसत. कमरेएवढ्या पाण्यातही माणसं बुडाली.

सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमध्ये नाइमेगेनजवळ ही डिव्हिजन भर दिवसा उतरली, तेव्हा नेम फारच चांगला साधला. उजेडापुढे सगळी यंत्रं फिकी, असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात तंगाइल इथे उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा पलटण. तिची हकिकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

८२वी डिव्हिजन आजही आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ती जी उडी शिकू लागली, तिच्यातला ७ मीटरचा वेग मात्र अलीकडेच कमी झाला. टी-१० नावाच्या छत्रीत तो सेकंदाला सुमारे २४ फूट होता, तो टी-११ मध्ये १९ फुटांवर आला. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यानं जमिनीचा दणका तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झाला.

बाईंना मी पत्र लिहून माझी चूक कळवली. सोबत एक प्रयोग लिहिला, तो तुम्हीही करून पाहा. छत्रीला आधी एक वॉशर लावा, मग चार. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असेल, तर चार वॉशरना निम्मा वेळ लागायला हवा. छत्रीचं आणि दोऱ्याचं वजनही धरायला विसरू नका, आणि वरचा पहिला मीटर सोडून देऊन मग वेळ मोजायला लागा. छत्री तिथे अजून पुरती फुललेली नसते.